हाताला कळत होतं

प्रिय जोडीदारणी,

आधी बातमी सांगते. आपल्या खात्यातला तो गळका नळ शेवटी बदलला. त्याच्याखाली आपण लावलेली चेपकी बादली पालथी घालून नवीन मुली आता तिच्यावर बसतात आणि मोबाइल बघतात. भिंतींना फिकट निळा रंग दिलाय. तळघर आता हॉस्पिटलचा भाग वाटतं, पूर्वी भंगाराचं गोदाम वाटायचं. आणि माझ्या कोटावर एक बिल्ला आलाय, त्यावर लिहिलंय ‘प्रशिक्षक’. हसलीस ना? हस. शाळेत फळ्यासमोर उभं केलं की मला दरदरून घाम फुटायचा, हे मी फक्त तुलाच सांगितलेलं. आता मीच फळ्यासमोर उभी राहते आणि घाम समोरच्यांना फुटतो.

तुझं कसं चाललंय ते मला कळत असतं. हॉटेलच्या धुलाईखान्यात आहेस, चादरींच्या घड्या घालतेस, गुडघा दुखतो म्हणून बसायला स्टूल मागितलंस तर तेही दिलं नाही. कोण सांगतं ते पुढे लिहिते. आपण शेवटचं भेटलो त्याला सहा वर्षं झाली. चप्पल दुरुस्तीच्या दुकानात, आठवतं? एका पायात चप्पल आणि दुसरा पाय नुसता फरशीवर टेकवून तू उभी होतीस. ब्लीचनं तुझी बोटं उलली होती, नखांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. मी आपली हवापाण्याचं बोलत होते आणि तू मध्येच विचारलंस, ‘मशीन कसं आहे गं?’ जवळच्या माणसाच्या तब्येतीची चौकशी करावी तसं. मी म्हटलं, चांगलं आहे. तू म्हणालीस, ‘जप त्याला.’ माझी चप्पल अजून शिवून व्हायची होती, तरी मी ती तशीच पायात सरकवून निघाले. तुला वाटलं असेल, घाईत असेल बिचारी.

आपलं सगळं कुठून बिनसलं ते तुला माहीत आहे, असं तुला वाटतं. म्हणून तुला माहीत असलेलंच आधी लिहिते.

अकरा वर्षांपूर्वी आपण चौघी होतो. तू, मी, थोरल्या बाई आणि सतत नाकातल्या नाकात काहीतरी आळवणारी गुणगुणी. वर ऑपरेशन झालं की रक्ताळलेली हत्यारं खाली आपल्याकडे यायची. आपण ती घासायची, एकेक बिजागरी उघडून बघायची, ट्रेमध्ये लावायची, दुहेरी कापडात बांधून पॅक करायचा आणि वाफेच्या मशीनमध्ये ढकलायचा. ते जुनं मशीन म्हणजे चाकाचं दार असलेला एक दमेकरी म्हातारा होता. त्याच्यावर काही दिसायचं नाही, काही छापून यायचं नाही. पॅक बाहेर आला की तू हाताची मागची बाजू त्याच्या तळाला लावायचीस आणि सांगायचीस, हा चांगला, हा चांगला, हा ओला, परत टाक. आत जरा ओल राहिली तरी कापडातून जंतू शिरतात, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही पॅक उघडून खात्री करायचो. तू एकदाही चुकली नाहीस.

मग वरून कागद आला. नवीन मशीन येणार, पडद्यावर आकडे दाखवणारं. खात्यातल्या सगळ्यांनी सहा आठवडे प्रशिक्षण घ्यायचं, ड्यूटी संपल्यावर रोज दोन तास, शेवटी परीक्षा. आणि खाली बारीक अक्षरात, नवीन मशीनवर जागा दोन. थोरल्या बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘मला आता या वयात बाकावर बसवू नका गं.’ महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. उरलो तिघी, जागा दोन.

कँटीनच्या वरची ती खोली आठवते? भिंतीतून भांड्यांचा आवाज यायचा आणि बाकं शाळेतून आणलेली, गुडघे मावायचे नाहीत. मशीनच्या कंपनीनं पाठवलेला मास्तर आपल्या भावापेक्षा लहान होता आणि आपल्याला ‘मॅडम’ म्हणायचा. गुणगुणी दुसऱ्याच दिवशी भिंतीला डोकं टेकून झोपली. तू मात्र मुलीची पेन्सिल, मुलीचं खोडरबर आणि मुलीचीच उरलेली वही घेऊन यायचीस. दहा वर्षांची होती ती. तुझी उजळणी तीच घ्यायची. एकदा मी तुझ्याकडे आले तर ती अंगणात दोरीवर उड्या मारत होती आणि प्रत्येक उडीला ओरडत होती, ‘एकशे चौतीस अंश, साडेतीन मिनिटं!’ आणि तू दारात बसून पुढचा आकडा आठवत कपाळावर हात मारून घेत होतीस. वर्गात तू प्रश्न विचारायचीस तेव्हा हॉस्पिटलच्या धोबीखान्यातून नुसतं ऐकायला आलेले दोघे फिदीफिदी हसायचे. तू म्हणायचीस, हसू देत, मला कळल्याशी कारण. तुला वाचायला वेळ लागायचा, लिहायला त्याहून जास्त. पण एकदा शिरलं की ते तुझ्या डोक्यातून निघायचं नाही. मास्तर एकदा मला म्हणाला, ‘त्या बाईंना वेळ दिला तर त्या मला शिकवतील.’ हे मी तुला सांगितलं नव्हतं. आता सांगते.

चौथ्या आठवड्यात तुझी मुलगी तापानं फणफणली आणि तू एक दिवस वर्गाला आली नाहीस. एकच दिवस. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तू वही उघडून माझ्यासमोर बसलीस आणि म्हणालीस, काल काय झालं ते सांग बाई, तुझ्यासारखं समजावून कुणी सांगत नाही. आदल्या दिवशी वर्गात ओल्या पॅकचा धडा झाला होता. मास्तरनं तीन तीनदा बजावलं होतं की मशीन कितीही नवीन असो, पडद्यावर काहीही येवो, पॅक ओला लागला तर तो बाद. पुन्हा पहिल्यापासून. परीक्षेत हे हमखास विचारणार आणि हे चुकलं तर बाकी सगळं बरोबर असलं तरी नापास.

मी तुला उलटं सांगितलं.

मी म्हटलं, नवीन मशीनमध्ये थोडी ओल राहिली तरी चालते, ती आपोआप सुकते. पडद्यावर ‘पास’ आलं की पास. तू म्हणालीस, ‘पण ओलं कापड म्हणजे जंतू शिरणारच की गं.’ मी म्हटलं, ते जुन्या मशीनचं झालं. मास्तर म्हणाला, जुन्या बायका हातावर जातात, अशांना आम्ही नापास करतो. आता हात विसरायचा आणि डोकं वापरायचं. तुझ्या चेहऱ्यावर असं काही दिसलं की मला वाटलं, हिला कळलं. पण तू खाली बघून लिहायला लागलीस. एकेक अक्षर काढत पूर्ण वाक्य लिहिलंस, खाली दोन रेघा मारल्यास आणि मला विचारलंस, ‘बरोबर लिहिलंय ना?’ मी वही हातात घेतली, नीट वाचली आणि ‘डोकं’मधला चुकलेला काना दुरुस्त करून दिला.

पुढे काय झालं ते तुझ्या बाजूनं तुला ठाऊक आहे, माझ्या बाजूनं ऐक. परीक्षेला बाहेरून आलेल्या बाई कडक होत्या. एकेकीला आत बोलवत होत्या आणि आम्ही काचेपलीकडे उभ्या होतो. तुझी तोंडी परीक्षा सुरेख चालली होती. बाई मान हलवत लिहून घेत होत्या. मग त्यांनी मशीनमधून काढलेला एक पॅक तुझ्यासमोर ठेवला. पडद्यावर हिरव्या अक्षरात ‘पास’ होतं. तू हाताची मागची बाजू पॅकच्या तळाला लावलीस आणि तुझा हात तिथेच थांबला. हाताला कळत होतं. मला काचेतून दिसत होतं की हाताला कळलंय. बाई वाट बघत होत्या. तू वर पाहिलंस, त्यांच्याकडे नाही, काचेतून माझ्याकडे. आणि मी मान डोलावली. हळूच, तुला धीर द्यावा तशी. मग तू हात उचललास आणि म्हणालीस, ‘पडद्यावर पास आलंय. पॅक चांगला आहे, वर पाठवा.’ बाईंनी पेन खाली ठेवलं.

निकालानंतर कपडे बदलायच्या खोलीत तू माझ्याकडे आलीस. मी मनाची तयारी केली होती. तू भांडशील, वही दाखवशील, तर काय बोलायचं ते मी घोकून ठेवलं होतं. तू माझा हात धरलास आणि रडत म्हणालीस, ‘मीच उलटं ऐकलं असणार गं. तू एवढा जीव तोडून शिकवलंस आणि मी माती केली. माफ कर मला.’ तू माझी माफी मागितलीस. आणि मी म्हटलं, होतं गं असं, ताप आलेल्या पोरीत तुझा जीव अडकला होता. मी तुझे डोळेसुद्धा पुसले. जागा गुणगुणीला आणि मला मिळाल्या. गुणगुणी दीड वर्षात लग्न करून गावाला गेली, तेव्हा तरी तुला परत बोलवता आलं असतं. वरच्यांनी मला विचारलं होतं, त्या तिसऱ्या बाई कशा होत्या? मी म्हटलं, मेहनती आहेत, पण नवीन गोष्ट डोक्यात शिरत नाही.

मी लाचार होते म्हणून असं केलं, असं लिहिलं तर तुला बरं वाटेल. पण तसं नव्हतं. घर चाललं होतं, नवरा कामावर होता, मुलं मोठी होत होती. ती जागा गेली असती तर मी दुसरीकडे लागले असते. कारण दुसरंच होतं आणि ते एवढंसं आहे की लिहायला लाज वाटते. मोठे सर्जन एकदा स्वतः खाली तळघरात आले होते, आठवतं? पायात ऑपरेशन थिएटरची हिरवी चप्पल, टोपी तशीच. त्यांनी विचारलं, आजचा ट्रे कोणी लावला? तू जे हत्यार आधी लागतं ते आधी हाताला येईल असा लावायचीस. त्यांना वर न बघता हात पुढे करता यायचा. तू पुढे झालीस. ते म्हणाले, ‘बाई, तुमच्या हाताला डोळे आहेत.’ आणि गेले. त्या ट्रेतला अर्धा भाग मी लावला होता. मला कुणी विचारलं नाही. मला विचारावं असं काही त्यात नव्हतंच, कारण माझा अर्धा भाग मी तुझं बघून लावला होता. त्या दिवसापासून तू चहाला हाक मारलीस की मला तुझा आवाज सहन व्हायचा नाही. तुला कधी जाणवलंही नाही. तू सरळ होतीस आणि तुझा तो सरळपणाच मला बोचायचा.

आता तुझं सगळं मला कोण सांगतं ते. तुझी मुलगी. या वर्षी वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण सुरू झालं. वर्गात नऊ जण, सगळे दिवसभर राबून आलेले, डोळे तांबारलेले. पहिल्याच दिवशी एक मुलगी पुढच्या बाकावर येऊन बसली आणि वर्ग संपल्यावर माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, ‘मावशी, ओळखलंत? आईनं तुमची आठवण काढलीय. म्हणाली, मावशीच्या हाताखाली शिकतेयस म्हणजे मला काळजी नाही.’ तेव्हापासून दर आठवड्याला ती तुझी आठवण घेऊन येते. आईनं विचारलंय, तुमचं डोकं दुखतं का अजून. आईनं सांगितलंय, तळघरात गार असतं, स्वेटर घालत जा. एवढ्या लांबून तू माझी काळजी करतेस आणि मला ती घोटभर पाण्यासारखी गिळावी लागते.

ओल्या पॅकच्या धड्याला ती हसत हात वर करून म्हणाली, ‘माझी आई याच प्रश्नावर आपटली होती!’ सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग मी तिला पुढे बोलावलं आणि पाच पॅकमधला ओला ओळखायला सांगितला. तिनं हाताची मागची बाजू फिरवली, तिसऱ्यावर थांबली, म्हणाली हा. तो होता. मी तिला शाबासकी दिली नाही. तुझी मुलगी तुझ्यासारखी अडखळत वाचत नाही, भराभर वाचते. लेखी परीक्षेत ती पहिली आली. मागच्या महिन्यापासून ती सकाळी सरावाला तळघरात येते, तेव्हा वरून एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फोन केला होता, आजचा ट्रे कोणी लावला म्हणून. मी म्हटलं, आम्ही सगळ्यांनी मिळून.

या नऊ जणांतून एकाला सहा महिन्यांच्या मोठ्या प्रशिक्षणाला पाठवायचं होतं. तिथून आलं की खातेप्रमुखाची रिकामी खुर्ची मिळते. ती खुर्ची मला मिळणार नव्हतीच, माझं शिक्षण पुरत नाही. म्हणजे या वेळी माझं काहीही जाणार नव्हतं. गुण तिचे सगळ्यांत जास्त, पण शेवटी प्रशिक्षकाचा शेरा लागतो. फॉर्म समोर ठेवून मी दुपारभर बसले. खरं सांगते, तिच्या बाजूनंच लिहायचं ठरवलं होतं. मग मी लिहिलं, ‘हाताने काम चांगले. नवीन गोष्ट समजून घेण्याची कुवत मर्यादित. शिफारस नाही.’ अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

गुरुवारी यादी लागली. ती वाचून तुझी मुलगी खाली आली. मला वाटलं, आता ही विचारेल, माझे गुण जास्त असताना असं कसं? ती आजकालची मुलगी आहे, शिकलेली आहे, तोंडानं फटकळ आहे. ती विचारेल आणि मला काहीतरी बोलावं लागेल. तिनं विचारलं नाही. माझ्या टेबलावरचे ट्रे एकावर एक रचत ती म्हणाली, ‘तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, मावशी. आमच्या घरात डोकं नाहीच, नुसते हात आहेत. आई लहानपणापासून सांगते, मोठ्या परीक्षांच्या नादी लागू नकोस, आपल्याला ऐकलेलंसुद्धा उलटं ऐकू येतं.’ आणि हसली. तुझंच हसू, वरच्या ओठाच्या कोपऱ्यातलं. मग तिनं ओट्यावरचं पाणी पुसलं आणि ड्यूटीवर गेली. माझं एक वाक्य तू अकरा वर्षं तुझ्या घरात वाढवलंस, पोरीला भरवलंस आणि पोरीनं ते मला आणून दाखवलं.

तर बये, तुझ्या घरात डोकं आहे. तुला बरोबर ऐकू येत होतं. तुझा हात बरोबर होता, तुझी मुलगी त्या वर्गात सगळ्यांत हुशार आहे आणि माझा शेरा खोटा आहे. हे मी माझ्या अक्षरात, सही करून लिहिते आहे. हा कागद वर दाखवला तर मला काढतील आणि तिला पाठवतील. मला तुझी माफी नको, मागतही नाही. हे एकटीलाच माहीत असणं मला आता सोसत नाही, एवढंच. तुलाही माहीत असू दे, म्हणजे आठवण पाठवणं बंद होईल. यादीवर हरकत घ्यायची मुदत मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत आहे. त्यानंतर नाव बदलत नाही, हा नियम मीच वर्गात वाचून दाखवला होता. आज रविवार. तुझी मुलगी उद्या सकाळी आठला सरावाला येऊन माझ्यापासून तीन हातांवर बसेल, तिच्या हातात हे पाकीट देता आलं असतं. तुझ्या हॉटेलचा नंबरही माझ्याकडे आहे. पण मी हे कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकणार आहे. ती पेटी उद्या दुपारी उघडतात आणि आपल्या शहरात पत्र पोचायला तीन दिवस लागतात, हे मी पोस्टात जाऊन विचारून आले आहे.

तुझीच म्हणवणारी,
मी